शेवटचा आकडा

माझ्या मोबाइलच्या शेवटी सात,
वाजिदभाई मोटारवाल्याच्या शेवटी एक.
बाकीचे नऊ आकडे सख्ख्या भावांसारखे.
पाथरी रोडला त्याची पाटी रंगवताना
पेंटरनं एकाचा शेंडा जरा लांब ओढला.
टोपी एकाला घातली,
बसली मला.

तेव्हापासून तीन वर्षं
दात घासताना वालूरहून फोन :
"मोटर नुसती गुंगू गुंगू करायली, पाणी फेकंना."
म्हटलं, राँग नंबर.
"बरं राँग नंबर, पण येता कधी?"

जेवताना कुपट्याहून.
भाचीच्या लग्नात अक्षता मुठीत असताना देऊळगावहून :
"कामून उचलीना गेलात?"
एक मावशी तर फोन मोटरीपाशी नेऊन
आवाजच ऐकवतात मला,
डॉक्टरला खोकून दाखवावं तसा.

एवढंच असतं तर सोसलं असतं.
पण आमच्या गल्लीत ज्यानं त्यानं
आपल्या दारापुढं आपला गतिरोधक बांधलाय.
घरापासून चौकापर्यंत अकरा.
बाराव्याची वाळू काल पडली.
मेडिकलवाला दोन रुपये सुट्टे नाहीत म्हणून
खोकल्याच्या गोळ्या देतो.
खोकला कुणालाच नाही,
फळीवर बरणीभर गोळ्या.
बँकेत अंगठा लावला
तर यंत्र म्हणतं, हे तुम्ही नाही.
पुसून लावला. थुंकी लावून लावला.
हे तुम्ही नाही.
शोभा म्हणाली, त्याला तरी कळलं.

काल नवव्या दिवशी नळ आला,
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी,
चोरासारखा.
शोभानं धावत जाऊन बटण दाबलं.
मोटर गुंगू गुंगू.
पाणी फेकंना.
मी पान्यानं ठोकून पाहिलं,
शिवी देऊन पाहिलं,
बटण बंद करून एकदम चालू करून पाहिलं.
हंडे दारात ओळीनं बसलेले,
पंगतीत भात न आलेल्या पाहुण्यांसारखे
एकमेकांकडं बघत.

तीन वर्षं लोकांना सांगत आलो,
शेवटी एक, बाबा, एक,
तो आकडा पहिल्यांदा स्वतः लावला.
"हां, बोला," झोपेतला आवाज.
म्हटलं, मी डासाळकर, तुमचे फोन मला...
"सातवाले का?" माणूस खडबडून जागा.
"अहो तुमचे बी मला येतेत ना!
तुमच्या कार्डावरचा बारका सात
म्हाताऱ्यांना एकच दिसतो.
हप्ता कधीचाय, पॉलिसी कधी पिकती,
मी सांगतो, भरून टाका, भरून टाका.
कुणी वारल्याचा फोन असला
तर मग बोलू देतो त्याहिला.
अर्धा अर्धा घंटा बोलतेत.
शेवटाला तुमचा नंबर देतो.
तुमचं काम नाजूक हाय, साहेब.
मोटरीचं तसं नाही."

मला एकदम आठवली
मानवतच्या त्या बाईंची कोरडी, सरळ विचारणा,
कागद कुठले कुठले लागतील,
आणि मला वाटलं होतं
बाई किती धीराची.

"काय बिघाड हाय?" वाजिदभाईनं विचारलं.
मी फोन मोटरीपाशी नेला.
त्यानं ऐकलं.
"कॅपॅसिटर गेला. दहा मिनटात येतो."

पावणेतीनला नळाची धार करंगळीएवढी झाली,
मग दोऱ्याएवढी,
मग नळानं नुसता सुस्कारा टाकला.
जमा : दीड बादली.
शोभा काही न बोलता झोपायला गेली,
म्हणजे सकाळी बोलणार.

मी पायरीवर. डास.
कोपऱ्यावर कुणाची तरी फटफटी
एक एक गतिरोधक मोजत यायली,
का जायली, कळंना.
फोन वाजला. चिकलठाण्याचा कुणीतरी,
त्याच्याकडंही आत्ताच लाईट आलेली :
"वाजिदभाई, निघाले का?"

राँग नंबर, हे ओठावर आलं होतं.
"निघालेत," म्हटलं,
"पण आधी माझा नंबर."